दगडाखालचा पाठभेद

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता मलकापूर सोडल्यावर चढू लागतो आणि आंबा गावापुढे घाटातून कोकणात उतरतो. या वाटेवरूनच विशाळगडाचा फाटा फुटतो. शाहूवाडी तालुका आपल्याला ठाऊक असतो तो पावनखिंडीमुळे, १६६० च्या जुलै महिन्यातील एका रात्रीमुळे. आमचा या भागाशी अलीकडचा संबंध मात्र एका चुकीतून आला, आणि ती चूक आमचीच आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरल्यावर आमच्या विज्ञान शाखेच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची सहल आंब्याच्या परिसरात नेली. साहित्याचे आम्ही दोघे-तिघे शिक्षकही हौसेने बरोबर गेलो. जांभ्याच्या सड्यावर दिवसभर हिंडून जे जे दिसेल त्याची यादी करायची होती. वनस्पतींना जाणकार होता, पक्ष्यांना होता. कोळ्यांना कोणी नव्हता. आमच्याकडे युरोपातील कोळ्यांचे एक सचित्र पुस्तक होते, एवढ्या पात्रतेवर ते काम आमच्याकडे आले. दुपारी एका विद्यार्थ्याने जांभ्याचा सपाट दगड उलटला. खाली रेशमाची पातळ पिशवी आणि तीत उंदराच्या रंगाचा, मखमली अंगाचा, जेमतेम बोटाच्या पेराएवढा कोळी. जाळे नव्हते. पोटाच्या टोकाला दोन बारीक नळ्या मागे आलेल्या स्पष्ट दिसत होत्या. मुलाने वरून छायाचित्र घेतले आणि विचारले, "सर, ह्याचं नाव काय?"

"कोळी" म्हणून चालणार नव्हते. आम्ही पुस्तक उघडले, चित्र जुळवले आणि यादीत लिहिले: ड्रॅसोडीस लॅपिडोसस. लॅटिन नाव लिहिताना माणसाला जो एक उगाच थोरपणा वाटतो तो आम्हांलाही वाटला. पुढे दोन वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पात तेच नाव आमच्या यादीच्या आधारे उतरलेले दिसले. शाहूवाडी तालुक्यात ड्रॅसोडीस लॅपिडोसस आढळतो, असे आता दोन कागद सांगत होते, आणि दोन्हींच्या मुळाशी आमच्या हातातील एक चित्र होते. एखाद्या अभंगाची चुकीची नाममुद्रा एका संपादकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवले आहे. तेव्हा या नावाचा माग काढणे आम्हांस भागच होते. पुढील मजकूर त्या वाचनाचा आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आधीच करतो. वृत्तपत्री मराठीत 'प्रजाती' हा शब्द हल्ली ज्या अर्थी वापरतात त्या अर्थी आम्ही 'जाती' म्हणतो, आणि जवळच्या जातींच्या गटाला 'वंश' म्हणतो. त्यावरचे कुल. मराठीतच या संज्ञांना एकमत नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

आपल्या परंपरेत कोळ्याचे स्थान जुने आणि मानाचे आहे. मुंडकोपनिषदातील ऊर्णनाभी आपल्या अंगातून तंतू काढतो आणि परत आत घेतो. अक्षर ब्रह्मापासून विश्व कसे होते हे सांगायला ऋषींना तो सापडला. पुढच्या वेदान्तविचारात हा दृष्टान्त इतका मुरला की कोळी म्हणजे विणणारा, हे समीकरण पक्के झाले. कोकणातील 'कांतीण' हा शब्दही कांतण्यावरूनच आलेला. दगडाखालचा आमचा कोळी या दृष्टान्तात बसत नाही. तो शिकारीसाठी जाळे विणतच नाही. दिवसा रेशमी पिशवीत पडून राहतो, रात्री बाहेर पडून धावत शिकार गाठतो. ऊर्णनाभीची उपमा ज्याने रचली त्याच्या अंगणात हाही फिरत असेलच, पण तत्त्वज्ञानाला त्याचा उपयोग नव्हता.

वैद्यकाला होता. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूता म्हणजे कोळी यांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. आठ कष्टसाध्य, आठ असाध्य. उत्पत्तीची कथाही तेथे आहे: विश्वामित्राने वसिष्ठांची धेनू नेऊ पाहिली, तेव्हा कोपलेल्या वसिष्ठांच्या कपाळावरचा घाम कापून ठेवलेल्या गवतावर पडला आणि त्यातून लूता जन्मल्या, 'लून' म्हणजे कापलेले, म्हणून लूता. त्रिमंडला, आलविषा, एणीपदी, जालिनी अशी त्यांची नावे. हे वर्गीकरण हास्यास्पद ठरवण्याचा मोह आम्ही टाळतो, कारण त्याचा हेतू स्वच्छ आहे. दंश झालेल्या रोग्याचे काय होईल हा वैद्याचा प्रश्न होता आणि त्या प्रश्नाला उपयोगी पडेल अशीच विभागणी त्याने केली. जो कोळी माणसाला काही करत नाही, तो या ग्रंथात असण्याचे कारण नव्हते. निरुपद्रवी आणि जाळे न विणणारा असा प्राणी आपल्या दोन्ही परंपरांच्या मधल्या फटीतून निसटला.

निरुपयोगी प्राण्यालाही नाव हवे, हा हट्ट युरोपात अठराव्या शतकात पद्धतशीरपणे धरला गेला. त्या हट्टाच्या मागे साम्राज्ये होती, संग्रहालये होती, व्यापार होता, हे सारे खरे. तरी कोळ्यांच्या बाबतीत त्याचा आरंभ स्टॉकहोमच्या कर कचेरीतील एका नोकरदाराने केला. कार्ल क्लेर्क याचे नाव. लिनियसचे व्याख्यान ऐकून त्याला या विषयाची गोडी लागली, आणि १७५७ मध्ये त्याने स्वीडनमधील साठाहून अधिक कोळ्यांचे पुस्तक रंगीत चित्रांसह छापले. मजकूर स्वीडिश आणि लॅटिन, दोन्ही भाषांत. प्राण्यांच्या नावांचा अधिकृत आरंभ लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १ जानेवारी १७५८ पासून धरतात. त्याआधीचे कोणतेही नाव ग्राह्य नाही. अपवाद एकच: क्लेर्कचे कोळी. आंतरराष्ट्रीय नियमावलीने त्याचे १७५७ चे पुस्तक १ जानेवारी १७५८ लाच प्रसिद्ध झाले असे मानायचे ठरवले आणि लिनियसच्या नावांवर त्याच्या नावांना अग्रक्रम दिला. एका कारकुनाच्या चांगल्या पुस्तकासाठी कायद्याने कालगणनेला मुरड घातली. साहित्याच्या इतिहासात असे औदार्य आम्हांस तरी आठवत नाही.

आमच्या यादीतील नावाचा कर्ता मात्र क्लेर्क नव्हे. तो शार्ल वाल्कनेर, आणि त्याला भेटून आम्हांस फार आनंद झाला. साहित्याच्या शिक्षकांना हा मनुष्य आपलाच वाटेल. त्याने ला फाँतेनचे चरित्र लिहिले (१८२०), माद्‌ॲम द सेव्हिन्ये यांच्यावर लिहिले, होरेसवर लिहिले. तो सरकारी अधिकारी होता, भूगोलज्ञ होता, शिलालेख आणि साहित्य यांच्या फ्रेंच अकादमीचा कायम सचिव होता. हुआन द ला कोसा याचा अमेरिका दाखवणारा जुना नकाशा १८३२ मध्ये पॅरिसमध्ये ओळखला तो यानेच. आणि आयुष्यभर तो कोळी पाहत राहिला. १८०२ मध्ये पॅरिस परिसरातील कीटकांवरील ग्रंथात त्याने दगडांखाली राहणाऱ्या एका करड्या कोळ्याला 'अरानेआ लॅपिडोसा' म्हटले. लॅपिडोसा म्हणजे दगडांतली. जुन्या पोथ्या आणि जुने नकाशे वाचणारा हा डोळा कोळ्याकडेही त्याच सवयीने पाहत असला पाहिजे, असे आम्हांस राहून राहून वाटते.

'अरानेआ' म्हणजे नुसता कोळी. त्या काळी बहुतेक सर्व कोळी त्या एकाच वंशनामाखाली येत. तो ढीग वेगळा करण्याचे काम वाल्कनेर आणि त्याच्या समकालीनांनी केले. लात्रेय याने १८०४ मध्ये 'नॅफोसा' हा वंश केला, त्यावरून आज या साऱ्या कुलाला नॅफोसिडी म्हणतात. हा लात्रेय धर्मगुरू होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत बोर्दोच्या तुरुंगात पडला असता त्याने कोठडीच्या जमिनीवर एक भुंगेरा पाहून ओळखला, आणि त्या ओळखीच्या धाग्याने त्याची सुटका झाली. बरोबरच्यांपैकी अनेक जण मारले गेले. जातीची ओळख पटल्याने जीव वाचल्याची एवढी शब्दशः कथा दुसरी नसावी. वाल्कनेरने १८०५ मध्ये 'ड्रॅसस' हा वंश केला आणि १८५१ मध्ये वेस्ट्रिंगने 'ड्रॅसोडीस'. दगडांतली अरानेआ अशी शेवटी ड्रॅसोडीस झाली. म्हणूनच तिचे पूर्ण नाव लिहिताना वाल्कनेर आणि १८०२ हे कंसात घालतात. कर्त्याचे नाव कंसात असेल तर जातीचा वंश नंतर बदलला आहे, नसेल तर मूळचाच कायम आहे, असा नियम आहे. पाठचिकित्सेत आपण पानभर तळटीप लिहितो ते येथे दोन कंस सांगतात.

खरी गुंतागुंत पुढे आहे. १८३४ मध्ये जॉन ब्लॅकवॉल याने इंग्लंडमधून 'ड्रॅसस कुप्रिअस' वर्णिला. कुप्रिअस म्हणजे तांबूस. ब्लॅकवॉलच्या घरचा धंदा आयरिश तागाच्या कापडाचा. तंतूंची पारख त्याच्या घरात होतीच. पण त्याचा तांबूस कोळी आणि वाल्कनेरचा दगडांतला कोळी यांत फरक तो काय? दोन्ही करडे-तपकिरी, दोन्ही दगडांखाली, दोन्हींच्या सवयी एकसारख्या. ब्रिटनमध्ये पुष्कळ काळ कुप्रिअस हा लॅपिडोससचाच एक प्रकार धरला गेला. पुढे नर-मादीच्या जननांगांच्या बारीक तपासणीवरून त्या दोन जाती असल्याचे मान्य झाले. परिणाम असा की मधल्या काळातील नोंदींत ज्याला 'लॅपिडोसस' म्हटले आहे तो दोहोंपैकी नेमका कोणता, हे नमुना पुन्हा तपासल्यावाचून सांगता येत नाही. नमुना राखला नसेल तर नोंद बोलत नाही.

येथे आम्ही आमच्या विषयाच्या अंगणात येऊन पोहोचलो. ज्ञानेश्वरीचे पाठ भ्रष्ट झाले म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली. १९०९ मध्ये राजवाड्यांनी आपल्या हाती आलेल्या जुन्या पोथीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापली आणि वाद पेटला. आद्य प्रत कोणापाशीच नव्हती. ज्या प्रती होत्या त्यांवरून मूळ कसे असेल याचा तर्क करायचा, आणि दोन प्रतींतील फरक लेखकाचा की लेखनिकाचा हे ठरवायचे. थोरेल नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने १८७० ते १८७३ या काळात युरोपीय कोळ्यांच्या पर्यायी नावांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला तो आशयाने हाच उद्योग आहे. अमक्याने १८०५ मध्ये ज्याला हे म्हटले त्यालाच तमक्याने १८३३ मध्ये ते म्हटले काय, याची शेकडो पाने. त्या ग्रंथाविषयी वाचताना आम्हांस राजवाड्यांच्या प्रस्तावनांची आठवण झाली. थोरेलला ज्या वर्णनांशी झुंजावे लागले त्यांच्या कर्त्यांवर नमुना राखण्याचे बंधन नव्हते. शब्द आणि क्वचित चित्र एवढेच मागे उरे. आजच्या शास्त्रात प्रत्येक नव्या जातीला एक नमुना बांधून द्यावा लागतो, त्याला मूलनमुना म्हणू. वाद झाला की सर्वांनी त्या एका बाटलीकडे जायचे. ज्ञानेश्वरीला जे मिळाले नाही ते प्रत्येक नव्या कोळ्याला मिळते.

ती बाटली कोठे ठेवायची, हा प्रश्न आपल्याकडे राजकीय आहे. स्टोलिच्का हा कलकत्त्याच्या भूशास्त्र सर्वेक्षणातील तरुण अभ्यासक. त्याने १८६९ मध्ये हिंदुस्थानातील अष्टपादांवर लेख लिहिला. पुढे तो दुसऱ्या यार्कंद मोहिमेवर गेला आणि १८७४ मध्ये परतताना लडाखच्या वाटेवर मरण पावला. त्याने जमवलेले कोळी इंग्लंडमध्ये पोहोचले, आणि डॉर्सेट परगण्यातील एका खेड्याचे धर्मोपदेशक असलेल्या ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज यांनी ते १८८५ मध्ये वर्णिले. त्यांतील काही 'ड्रॅसस' होते. हिमालयापलीकडचा दगडाखालचा कोळी वाचला गेला तो इंग्लंडच्या खेड्यातील अभ्यासिकेत, आणि बसवला गेला तो वाल्कनेरने पॅरिसमध्ये केलेल्या चौकटीत. १९०० मध्ये पोकॉकने 'ब्रिटिश हिंदुस्थानचे प्राणिजीवन' या मालेत अष्टपादांचा खंड लिहिला, तोही लंडनच्या संग्रहालयात बसून, वनाधिकारी आणि हौशी साहेबलोक पाठवतील त्या बाटल्यांच्या आधारे.

ही दिशा बदलली ती पुण्यात. बिनय कृष्ण टिकादर हे बंगाली प्राणिशास्त्रज्ञ भारतीय प्राणिसर्वेक्षणाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्रात काम करत होते; पुढे ते सर्वेक्षणाचे संचालक झाले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी गजबे यांनी १९७० च्या दशकात या जमिनीवरच्या कोळ्यांचा जो पाठपुरावा केला तो १९८२ मध्ये 'भारताचे प्राणिजीवन' मालेतील एका स्वतंत्र भागात एकत्र आला. शीर्षकातून 'ब्रिटिश' गेले होते. दुसऱ्याच वर्षी टिकादरांनी देशभूषण बस्तवडे यांच्यासह विंचवांचा खंड काढला. एका पिढीत, मुख्यतः पुण्याच्या टेबलावर, पश्चिम भारतातील एवढे अष्टपाद नावानिशी नोंदले गेले ही गोष्ट मराठी वाचकाला माहीत असायला हवी होती.

त्यांनी दिलेली नावे पाहावीत. नॅफोसा पूनाएन्सिस, १९७३. हॅप्लोड्रॅसस साताराएन्सिस, १९७७. स्कोटोफीअस पूनाएन्सिस आणि हर्पिलस गोआएन्सिस, १९८२. उत्तरपद आपल्या गावांचे, पूर्वपद युरोप-अमेरिकेतून आलेले. हर्पिलस हा वंश हेन्ट्झने १८३२ मध्ये अमेरिकेत उभा केला; त्या छताखाली गोव्याचा कोळी राहायला गेला. नाव म्हणून हे रूप आम्हांस फार बोलके वाटते: आडनाव परक्या घराण्याचे आणि पाळण्यातले नाव इथले. आणखी एक गंमत. 'पूना' हे शहराचे नाव आता अधिकृत राहिलेले नाही, पण पूनाएन्सिसचे पुणेएन्सिस होणार नाही. मूळ लेखन जसे छापले गेले तसेच राहते, असा नियम आहे. इंग्रजी जमान्यातील ते स्पेलिंग आता कोळ्याच्या नावातच सुखरूप राहील.

टिकादरांच्या कामावर टीकाही झाली आहे आणि ती खोटी नाही. त्यांची रेखाचित्रे अनेकदा ढोबळ आहेत, वर्णने त्रोटक आहेत. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांच्या काही जाती दुसऱ्या वंशांत हलवल्या, काही आधीच नाव मिळालेल्या जातींची पर्यायी नावे ठरवल्या. काही जातींची केवळ मादी वर्णिलेली आहे, काहींचा केवळ नर. आमचे मत विचाराल तर, ज्याने पहिली सूची केली त्याच्या चुका मोजणे सोपे जाते, कारण मोजायला यादी त्यानेच दिलेली असते. तथापि याच कारणासाठी त्याच्या पुस्तकातील चित्रावर बोट ठेवून नाव देणे धोक्याचे आहे. मग युरोपातील पुस्तकाच्या चित्रावर बोट ठेवणाऱ्यांची काय कथा.

आता ओळख पटवायची कशी, ते थोडक्यात. दगड उलटल्यावर दिसलेल्या त्या दोन नळ्या म्हणजे पुढच्या तंतुग्रंथींची टोके. दंडगोलाकार, एकमेकींपासून दूर. नॅफोसिडी कुलाची ती पहिली खूण, आणि तेवढी आम्ही बरोबर पाहिली होती. मागच्या मधल्या दोन डोळ्यांचा आकार पुष्कळदा लंबगोल आणि तिरका असतो. या नळ्यांचे काम काय, हे अलीकडे नीट कळले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की हे कोळी दुसऱ्या कोळ्यावर हल्ला करताना नळ्यांतून चिकट रेशमाच्या पट्ट्या त्याच्या पायांवर टाकतात आणि त्याला जखडतात. इतर कोळी जो डिंक तंतू जमिनीला चिकटवायला वापरतात त्याचे यांनी शस्त्र केले. विणणे सोडले, पण रेशीम सोडले नाही. ड्रॅसोडीसचा नर तर अजून वयात न आलेल्या मादीला गाठून तिच्याबरोबर रेशमी कोठडीत राहतो आणि तिने शेवटची कात टाकताच मीलन साधतो.

पण कुल कळले म्हणजे जाती कळली असे नव्हे. जाती ठरते ती नराच्या स्पर्शपादाच्या टोकावरील अवयवावरून आणि मादीच्या पोटाखालील जननछिद्राच्या कठीण पट्टिकेवरून. रंग, ठिपके, आकार हे सारे फसवे. त्यासाठी कोळी उलटा करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, पुष्कळदा तो भाग काढून स्वच्छ करावा लागतो. शिवाय हे अवयव शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण होतात. वयात न आलेल्या कोळ्याची जाती थोर तज्ज्ञालाही बहुधा सांगता येत नाही.

आणि चौकट स्वतःही स्थिर नाही. अमेरिकन नॅचरल हिस्टरी म्युझियममधील नॉर्मन प्लॅटनिक यांनी १९९० मध्ये तंतुग्रंथींच्या रचनेवरून या साऱ्या गोतावळ्याची फेरमांडणी केली. त्यांनीच २००० पासून जगातील कोळ्यांची सूची संगणकावर सर्वांसाठी खुली ठेवली. २०१४ पासून ती बर्नच्या संग्रहालयातर्फे चालते, आणि एप्रिल २०२२ मध्ये तिच्यात पन्नास हजारावी जाती नोंदली गेली. प्रोडिडोमिडी नावाचे जवळचे कुल २०१८ मध्ये नॅफोसिडीत विलीन करण्यात आले आणि २०२२ मध्ये जनुकीय पुराव्यावरून पुन्हा वेगळे काढण्यात आले. चार वर्षांत घर मोडले आणि पुन्हा मांडले. ज्यांना ग्रंथांची कालनिश्चिती शिकवावी लागते त्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

शाहूवाडीकडे परत येऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये बातमी आली की कोल्हापूरच्या न्यू कॉलेजमधील संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसह विशाळगडावरून कंदीलपुष्पाची एक नवी जाती वर्णिली असून तिला शिवछत्रपतींचे नाव दिले आहे. हे वर्णन 'फायटोटॅक्सा' या नियतकालिकात आले. वर्तमानपत्रांनी अभिमानाचा भाग छापला, तो योग्यच. आम्हांस त्याहून वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटली. ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून जाती पहिल्यांदा वर्णिली जाते ते तिचे मूलस्थान ठरते. या कंदीलपुष्पाविषयी यापुढे जगात कोठेही शंका निघाली तरी अभ्यासकाला विशाळगडाचे नाव घ्यावे लागेल. लडाखचा कोळी डॉर्सेटमध्ये वाचला गेला तेव्हा जे घडले नव्हते ते येथे घडले: जिथले रोप, तिथल्याच लोकांनी ते वाचले. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना देशातील नियुक्त संग्रहात ठेवणेही आता बंधनकारक आहे.

फूल मोसमात डोके वर काढते, त्याचा फोटो निघतो. दगडाखालच्या कोळ्याला हे भाग्य नाही. शाहूवाडी-राधानगरी भागातील सड्यांखाली बॉक्साइट आहे, आणि खाणीसाठी सड्याचा वरचा थर निघतो तेव्हा दगड आणि दगडाखालचे घर एकदमच जातात. त्या थरात कोण राहत होते याची नोंद कोठे असेल, तर आमच्या यादीसारख्या याद्यांत. ती नोंद खोटी असेल तर? लॅपिडोसस हा मुख्यतः युरोप आणि उत्तर आशियाच्या थंड-समशीतोष्ण पट्ट्यातील कोळी. तो इतका सर्वत्र आढळणारा की त्याच्यासाठी कोणी काळजी करू नये. समजा सड्यावरचा तो कोळी केवळ सह्याद्रीत राहणारा, अजून कोणीही न वर्णिलेला असेल. मग आमच्या एका ओळीने त्याला परदेशातल्या सामान्य भाऊगर्दीत टाकून दिले. कागदोपत्री तो हरवण्यासाठी खाणीचीही गरज उरली नाही.

म्हणून आम्ही ते छायाचित्र पुन्हा मिळवले आणि कोळ्यांचा अभ्यास असलेल्या एका परिचितांना दाखवले. त्यांनी ते मोठे करून पाहिले. कुल नॅफोसिडी हे मान्य केले. वंश? वरून घेतलेल्या चित्रावरून सांगणार नाही म्हणाले. जाती विचारल्यावर ते हसले. स्पर्शपाद बारीक, टोकाला फुगीर नाहीत. म्हणजे प्रौढ नर नव्हे. मादी असेल तर पोटाखालचा भाग दिसत नाही, आणि एकूण बांधा पाहता ती वयातही आलेली नसावी. "तुम्ही जे वाचता आहात," ते म्हणाले, "ते पोथीचं मलपृष्ठ आहे."

यादी जिथे ठेवली आहे तिथे जाऊन आम्ही 'ड्रॅसोडीस लॅपिडोसस' ही अक्षरे एका रेघेने खोडली, वाचता येतील अशी. समोर 'नॅफोसिडी कुल, जाती अनिश्चित, बहुधा अप्रौढ' असे लिहून तारीख घातली. प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही कळवले. तो आता शिक्षक आहे. त्याने एकच प्रश्न विचारला, तो दगड नेमका कुठला होता ते आठवते का. विशाळगडाच्या फाट्यापासून साधारण किती चाललो होतो ते आम्ही सांगू शकलो, अधिक नाही. पावसाळा संपला की तो जाणार आहे, आणि या वेळी भिंगही बरोबर नेणार आहे.